ग्रामपंचायतीचा हिशेब कसा मागायचा: माहिती अर्जापासून ग्रामसभेच्या ठरावापर्यंत

ग्रामपंचायतीच्या कारभारावर पारावर जेवढी चर्चा होते, तिचा दहावा हिस्साही ग्रामसभेच्या वहीत उतरत नाही. रस्ता वर्षभरात उखडला, टाकी उभी राहिली पण नळाला पाणी नाही, घरकुलाच्या यादीत नको ती नावं घुसली, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. पण कागदावर नोंद नसलेल्या गोष्टीला सरकारी यंत्रणा उत्तर देत नाही. म्हणून या लेखाचा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: प्रश्न शक्यतो पैसा खर्च होण्याआधी विचारायचा, कागद हातात घेऊन विचारायचा आणि उत्तर वहीत लिहून घ्यायचं.

इथली माहिती महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींना धरून आहे. शहरात ग्रामसभा नसते, पण माहिती अधिकाराचा भाग नगरपालिका आणि महापालिकेलाही तसाच लागू पडतो.

आधी माणसं जोडा

एकट्या माणसाने हिशेब मागितला की त्याच्यावर ‘तक्रारखोर’ असा शिक्का बसतो आणि विषय तिथेच संपतो. पाच-सात जणांचा गट करा. गट कसा असावा, याला फार महत्त्व आहे. निवडणुकीत हरलेल्या पॅनेलचीच सगळी माणसं त्यात असतील तर मुद्दा कितीही खरा असो, गाव त्याला राजकारणच समजेल. दोन्ही बाजूंची, वेगवेगळ्या वस्त्यांची आणि भावक्यांची माणसं घ्या. बचत गटातल्या दोन महिला तरी हव्यातच. हप्त्यांची नोंद ठेवायची सवय असलेल्या माणसाला वही वाचता येते.

गटातल्या प्रत्येकाने आपली घरपट्टी आणि पाणीपट्टी आधी भरावी. हे नुसतं शोभेसाठी नाही. थकबाकीदाराने प्रश्न विचारला की सभेत पहिलं उत्तर त्याच्या थकबाकीचं येतं आणि मूळ विषय बाजूला पडतो.

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ या घोषणेमुळे देशभर माहीत झालं. तिथल्या घोषणेपेक्षा मला त्यांचा अभ्यास गट मोलाचा वाटतो. सभेत निर्णय घेण्याआधी विषय समजून घ्यायचा, कायदा वाचायचा, जाणकाराला बोलवायचं आणि मग सर्वसहमतीने ठरवायचं, ही त्यांची रीत. २०११ मध्ये त्या गावाला स्वतःचा बांबू स्वतः विकण्याचा हक्क प्रत्यक्षात मिळाला, त्यामागे असा बरीच वर्षं केलेला अभ्यास होता. तुमच्या गटानेही महिन्यातून एकदा बसून एकच कागद नीट वाचला तरी वर्षभरात पुष्कळ कळेल.

पैसा कुठून येतो ते बघा

ग्रामपंचायतीकडे दोन प्रकारचा पैसा असतो. एक स्वतःच्या उत्पन्नाचा: घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार लिलाव, गाळाभाडं. दुसरा शासनाकडून येणारा, आणि त्यात वित्त आयोगाचा निधी प्रमुख. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या काळातल्या निधीपैकी ६० टक्के बंधित होता, म्हणजे तो पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचा होता. उरलेला ४० टक्के अबंधित. महाराष्ट्रात या निधीचा ८० टक्के वाटा ग्रामपंचायतींना आणि प्रत्येकी १० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला मिळत आला आहे. ‘निधीच नाही’ असं उत्तर आलं, तर कोणता निधी नाही, बंधित की अबंधित, हे विचारता आलं पाहिजे.

हे पाहायला कुणाची परवानगी लागत नाही. केंद्राचं ई-ग्रामस्वराज संकेतस्थळ २४ एप्रिल २०२० पासून सुरू आहे. तिथे राज्य, जिल्हा, तालुका आणि गाव निवडलं की त्या वर्षाचा मंजूर विकास आराखडा आणि झालेला खर्च दिसतो. दोन्ही छापून घ्या आणि शेजारी ठेवून वाचा. आराखड्यात नसलेल्या कामावर खर्च पडला आहे का? एकाच कामाचे तुकडे करून वेगवेगळी देयकं काढली आहेत का? एकाच पुरवठादाराचं नाव पुन्हा पुन्हा येतं का? पहिल्या दिवशी एवढंच बघा. यावरून लगेच आरोप करायचा नाही. पुढे कोणते कागद मागायचे हे यातून ठरतं.

वित्त आयोगाच्या निधीचं पेमेंट सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांच्या डिजिटल सहीने होतं. राज्यात २०११ पासून पंचायतींमध्ये महिलांना ५० टक्के आरक्षण आहे, पण सरपंचताईंची डिजिटल सही त्यांच्या यजमानांच्या किंवा संगणक चालकाच्या ताब्यात असल्याचं अनेक गावांत दिसतं. ताईंना एकट्या गाठून, आदराने सांगा की ती सही म्हणजे कोऱ्या धनादेशावरची सही आहे आणि जबाबदारी त्यांच्याच नावावर येते. हे एक संभाषण पुष्कळ अर्जांपेक्षा जास्त काम करतं.

कागद मिळवणं

माहिती अधिकार अधिनियम २००५ च्या कलम ४ प्रमाणे बरीचशी माहिती कार्यालयाने न मागता जाहीर करायची असते. अनुदान योजनांच्या लाभार्थ्यांचा तपशीलही त्यात येतो. म्हणून घरकुलाची यादी मागताना ‘ही फलकावर लावायची यादी आहे’ असं सरळ म्हणा.

अर्जाआधी अभिलेख, म्हणजे कार्यालयातल्या वह्या आणि कागद, पाहून घ्या. राज्य शासनाने २०१८ मध्ये परिपत्रक काढून जिल्हा आणि त्याखालच्या पातळीवरच्या कार्यालयांत, स्थानिक संस्थांसह, दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत असं सांगितलं आहे. ग्रामसेवकांकडे (नव्या पदनामाप्रमाणे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे) दोन-तीन गावांचा कार्यभार असू शकतो, त्यामुळे आधी फोन करून जा. नमुना ५ म्हणजे रोकड वही. ती बँकेच्या पासबुकाशी ताडून पाहा. नमुना ८ ही कर आकारणीची नोंदवही. पाहिलेल्या पानांचे क्रमांक आणि तारखा टिपून ठेवल्या की पुढचा अर्ज नेमका होतो.

माहितीचा अर्ज ‘जोडपत्र अ’ या ठरलेल्या नमुन्यात करायचा. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प लावला तरी चालतो. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही, पण दाखला जोडावा लागतो. महाराष्ट्राच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत असावा लागतो. म्हणून ‘गेल्या दहा वर्षांच्या सर्व कामांची माहिती द्या’ असं लिहू नका. तसा अर्ज फेटाळायला सोपा जातो, आणि मंजूर झाला तरी तेवढा गठ्ठा वाचायचा कुणी? एक काम धरा आणि असं लिहा:

“विषय: सन २०२४-२५ मध्ये अमुक वस्तीत झालेल्या सिमेंट काँक्रीट रस्त्याच्या कामाची कागदपत्रे. कालावधी: १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५. तपशील: सदर कामाचा ग्रामसभा ठराव, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने, साहित्य व काँक्रीट चाचणी अहवाल, अदा केलेली देयके व प्रमाणके आणि काम पूर्णत्वाचा दाखला यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात.”

‘का’ विचारू नका. रस्ता खराब का झाला, हे माहिती अधिकारात येत नाही. रस्त्याचा कागद येतो. व्यक्तीची खासगी माहितीही मागू नका, तिथे नकार मिळायला जागा असते. अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर तारीख, आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. शिक्का मिळाला नाही तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवा. मोजमाप पुस्तिका, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहिलेली वही, अनेकदा पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागात असते. ‘आमच्याकडे नाही’ असं सांगून विषय संपत नाही. अर्जाचा तेवढा भाग पाच दिवसांत संबंधित कार्यालयाकडे वर्ग करायचा असतो.

उत्तराची मुदत ३० दिवस. ती उलटली की माहिती नाकारली असं धरलं जातं आणि नंतर माहिती विनाशुल्क द्यावी लागते. त्यापुढच्या ३० दिवसांत २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून ‘जोडपत्र ब’ मध्ये पहिलं अपील करा. ग्रामपंचायतीसाठी हा अपिलीय अधिकारी पंचायत समितीत बसतो. त्याचं पदनाम ग्रामपंचायतीच्या फलकावर असायला हवं. पहिल्या अपिलाचा निर्णय ३० दिवसांत, कारण नोंदवून फार तर ४५ दिवसांत व्हायचा असतो. तिथेही समाधान झालं नाही तर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. विनाकारण माहिती अडवणाऱ्या अधिकाऱ्याला आयोग दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड करू शकतो. आयोगाकडे मात्र प्रकरणं साठलेली असतात आणि तारीख मिळायला वेळ लागतो. त्यामुळे खरी मेहनत नेमक्या अर्जावर आणि पहिल्या अपिलाच्या सुनावणीवर घ्यावी.

कागद आणि जागा ताडून पाहा

अंदाजपत्रक हातात आलं की टेप घेऊन रस्त्यावर जा. १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि १५ सेंटीमीटर जाड रस्ता म्हणजे ४५ घनमीटर काँक्रीट. जाडी १० सेंटीमीटरच भरली तर ३० घनमीटर. म्हणजे एक तृतीयांश माल कमी, आणि वरून बघणाऱ्याला लांबी-रुंदी अगदी बरोबर दिसते. कडेला माती थोडी बाजूला करून चार-पाच ठिकाणी जाडी मोजा, प्रत्येक ठिकाणी पट्टीसह फोटो काढा. कडेची जाडी हा अंतिम पुरावा नाही. तपासणी मागायला मात्र ती पुरेशी आहे.

दुसरी जागा म्हणजे चाचणी अहवाल. काँक्रीटच्या ठोकळ्यांची ताकद साधारण ७ आणि २८ दिवसांनी तपासतात. काँक्रीट ओतल्याची तारीख, अहवालाची तारीख आणि देयकाची तारीख एका ओळीत लिहून काढा. काम संपून बारा दिवसांत अंतिम देयक निघालं असेल आणि त्याला २८ दिवसांचा अहवाल जोडलेला असेल, तर तो कधी आणि कशाचा केला, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

माहिती अधिकारात नुसते कागद नाहीत. कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्कही कायद्याने दिलेला आहे. तो फार थोडे लोक वापरतात. काम चालू असतानाच वापरला तर चूक तिथेच सुधारता येते, आणि गावाला नंतरच्या चौकशीपेक्षा चांगला रस्ता केव्हाही बरा.

देयकावरचं नाव आणि जीएसटी क्रमांकही वाचा. ग्रामपंचायत सदस्याचा पंचायतीच्या कंत्राटात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे तो अपात्र ठरू शकतो. तो निर्णय जिल्हाधिकारी देतात. तो सभेत आरडाओरडा करून होत नाही, कागदावर होतो.

ग्रामसभा: सगळ्यात जास्त तयारी इथे

वर्षाला किमान चार ग्रामसभा घेणं ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ७ प्रमाणे बंधनकारक आहे. प्रथेने त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास होतात. पुरेशा कारणाशिवाय सभा न घेणाऱ्या सरपंचाचं पद जाऊ शकतं. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा मात्र गणपूर्तीची अट नसते. अनेक वादग्रस्त ठराव नेमके याच तहकूब सभेत होतात. पहिल्या सभेला लोक न येणं कुणाला सोयीचं आहे, हे गावाने समजून घ्यावं.

सभेची सूचना साधारण सात दिवस आधी निघते. ती लागली की आपला विषय लेखी द्या, आवक शिक्का घ्या आणि विषयपत्रिकेत घ्यायला सांगा. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. ती अनेक ठिकाणी कागदावरच उरकली जाते. गटातल्या महिलांनी ती खरोखर भरवावी. पाण्याचा, शौचालयांचा, गावातल्या दारूचा विषय तिथे जितका मोकळेपणाने निघतो तितका मोठ्या सभेत निघत नाही. तिथला ठराव पुढे ग्रामसभेत मांडला जातो आणि त्याला वजन असतं.

सभेत पहिला विषय असतो, मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. तो ‘मंजूर, मंजूर’ म्हणत अर्ध्या मिनिटात संपतो. तिथेच थांबवा. पूर्ण वाचन मागा. गेल्या सभेत न झालेला ठराव वहीत असेल तर तो याच क्षणी पकडता येतो, आणि तुमची हरकत आजच्या इतिवृत्तात लिहायला लावता येते. एकदा कायम झालेलं इतिवृत्त नंतर खोडून काढणं फार कठीण.

मग तुमचा विषय. “किती खाल्ले ते सांगा” असं म्हटलं की समोरचा माणूस चिडतो, त्याची भावकी उभी राहते आणि सभा उधळते. उधळलेल्या सभेत हिशेब द्यावा लागत नाही. त्याऐवजी असं विचारा: “अंदाजपत्रकात जाडी १५ सेंटीमीटर आहे. आम्ही पाच ठिकाणी मोजली, १० भरली. मोजमाप वहीत काय लिहिलं आहे ते वाचून दाखवा.” यात कुणाचं नाव नाही, आरोप नाही, उत्तर द्यायला मात्र वही उघडावी लागते. प्रश्न एकाने विचारावा, दुसऱ्याने कागद दाखवावा, तिसऱ्याने लिहून घ्यावं. सरपंच वयाने लहान असो की मोठे, ‘सरपंच साहेब’, ‘ताई’ असंच बोलावं.

चर्चेवर समाधान मानू नका. ‘रस्त्याबाबत चर्चा झाली’ हे वाक्य वहीत असून नसल्यासारखं. ठरावात कोणी, काय आणि कधीपर्यंत करायचं, हे असलंच पाहिजे. उदाहरणार्थ: ‘सदर रस्त्याच्या जाडीची तपासणी पंचायत समितीच्या उपअभियंत्यांकडून करून घ्यावी, अहवाल पुढील ग्रामसभेपूर्वी सूचना फलकावर लावावा आणि तोपर्यंत उर्वरित देयक अदा करू नये.’ खाली सूचक आणि अनुमोदकाची नावं. हा मजकूर घरूनच लिहून न्या.

शेवटी ‘ऐनवेळचे विषय’ येतात. लोक उठायला लागलेले असतात आणि जागा भाड्याने देणं, ना हरकत दाखला, खर्चाला मंजुरी अशा गोष्टी याच शीर्षकाखाली शिरतात. म्हणून गटाने शेवटपर्यंत बसायचं. शेवटचा ठराव लिहिल्यावर त्याखाली आडवी रेघ मारून अध्यक्ष आणि सचिवांनी तिथेच सही करावी, असा ठराव पहिल्याच सभेत करून घ्या, आणि त्या पानांचा फोटो काढा. उपस्थितीच्या वहीवर घरी आणून दिलेली सही कधीही करू नका, शेजारी विनवणी करत असला तरी.

वर्षातून एका सभेत लेखापरीक्षण अहवाल वाचायला लावा. स्थानिक निधी लेखापरीक्षक आपले आक्षेप आणि वसूलपात्र रकमा लिहून देतात आणि पंचायतीने त्यावर अनुपालन, म्हणजे काय दुरुस्त केलं याचं लेखी उत्तर, द्यायचं असतं. तुमचं निम्मं काम शासनाच्याच माणसाने करून ठेवलेलं असतं. ते कपाटाबाहेर काढायचं तेवढं बाकी राहतं.

दाद कुठे मागायची

ग्रामसभेत काम झालं नाही तर ठरावाची प्रत आणि कागद जोडून गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा, नंतर जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे. सरपंच किंवा सदस्याचं गैरवर्तन गंभीर असेल तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९ खाली चौकशी होऊन पदावरून दूर करण्याची तरतूद आहे. जिल्हाधिकाऱ्यांचा लोकशाही दिन, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकण्याचा दिवस, महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो आणि आधी तालुक्याच्या लोकशाही दिनात दाद मागितलेली असावी लागते. तक्रार एक-दीड पानाची ठेवा, घटना तारखेनुसार लिहा, विशेषणं गाळा. दाखले आणि उतारे वेळेत मिळत नसतील तर तो वेगळा विषय आहे. त्यासाठी २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम आणि ‘आपले सरकार’ संकेतस्थळ आहे.

लाच मागितली गेली तर अर्जफाटे करू नका. थेट लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या क्रमांकावर फोन करा, शक्यतो पैसे देण्याआधी. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवणाऱ्याला संरक्षण आहे. मधल्या माणसाने मागितली, ‘साहेबांना द्यावे लागतात’ असं म्हटलं, तरी तक्रार होते.

जिवाला जपा, आणि चांगल्या माणसालाही

तळेगाव दाभाडे इथले माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची जानेवारी २०१० मध्ये हत्या झाली. जागल्यांच्या, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा २०१४ चा केंद्रीय कायदा संसदेत मंजूर होऊनही अंमलात आला नाही. म्हणून जमीन, वाळू, मोठी कंत्राटं असे विषय असतील तर अर्ज एकाच्या नावाने जाऊ देऊ नका. तीन-चार जणांनी त्याच कामाचे वेगवेगळे कागद मागावेत, मिळालेल्या प्रती लगेच अनेक घरांत ठेवाव्यात आणि जमेल तेवढं ग्रामसभेत उघड करावं. सगळ्यांना माहीत झालेल्या कागदासाठी एका माणसाला गप्प करून उपयोग नसतो. धमकी आली तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी द्या आणि पोच घ्या.

याच हक्काचा वापर करून कुणी पैसे उकळत असेल तर त्याला गटातून त्याच दिवशी काढा. असा एक माणूस दहा प्रामाणिक अर्जदारांची वाट बंद करतो.

आणि नियमाने चालणाऱ्या ग्रामसेवकावर, अभियंत्यावर किंवा सरपंचावर दबाव येत असेल तर गावाने त्याच्या बाजूने उभं राहावं. ‘ग्रामसभेचा ठराव आहे, मला देयक काढता येत नाही’ हे वाक्य त्याला वरच्यांना ऐकवता आलं तर तो टिकून राहतो. चांगलं काम झालं की अभिनंदनाचा ठरावही वहीत घ्या. तो त्याच्या फाइलला लागतो आणि बदलीच्या वेळी कामी येतो.

२ ऑक्टोबरपूर्वी

पुढच्या वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्याची तयारी साधारण २ ऑक्टोबरपासून सुरू होते. त्याआधी सप्टेंबरमध्ये गटाने वस्तीवस्तीत बसून प्रत्येकी तीन कामं ठरवावीत आणि ती प्रभागाच्या सदस्याकडे लेखी द्यावीत. आराखडा मंजूर होताना कामाचं नाव, ठिकाण, लांबी आणि रक्कम वहीत नेमकी लिहून घ्यावी; ‘गावांतर्गत रस्ता सुधारणा’ असं मोघम नाव चालू देऊ नये, कारण त्यात कोणताही रस्ता बसतो. मार्चअखेरीस ई-ग्रामस्वराजवर जाऊन तोच आराखडा तिथे चढला आहे का ते तपासा, आणि फरक दिसला तर पुढच्या ग्रामसभेसाठीचा तुमचा पहिला लेखी विषय तोच असू द्या.